तुंबा : एरचच्या अंगणात बांधलेलं चाक

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ‘एरच रोड’ नावाचं एक लहान स्टेशन आहे. नावात ‘रोड’ असलेल्या बहुतेक स्टेशनांची जी गोष्ट, तीच याचीही. गाव इथे नाही, गावाचा रस्ता इथून सुटतो. एरच आहे ते बेतवेच्या पलीकडच्या तीरावर. माझे आजोबा या गावात मास्तर होते. झाशीतल्या आमच्या मराठी घरातून सोमवारी पहाटे निघायचं, एरच रोडला उतरायचं, ओळखीच्या दुकानात ठेवलेली सायकल काढायची आणि नदी ओलांडून शाळा गाठायची, असं त्यांनी कितीतरी वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर ते झाशीला परतले. सायकल मात्र एरचमध्येच राहिली, ते जिथे खोली घेऊन राहायचे त्या घरी.

गेल्या हिवाळ्यात मी त्या घरी गेले. झाशीतल्या जुन्या मराठी घरांविषयी काही टिपणं काढत होते, त्यात एक दिवस एरचसाठी ठेवला होता. घरातल्या अम्मांनी मला पाहिलेलं नव्हतं, पण आजोबांचं नाव सांगताच त्यांनी हात धरला आणि ‘बिन्नू’ म्हणून आत नेलं. बुंदेली घरात लेकीला, बहिणीला या नावानं हाक मारतात. अंगणात कडुनिंबाला टेकून सायकल उभी होती. काळी, अठ्ठावीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची. तिच्यावरून या घरात पिढ्यान् पिढ्या दूध गेलं, दळण आलं, पोरं शाळेत गेली. आता नववीतला नातू ती वापरत होता.

“बुआ, चलाओगी?” त्यानं विचारलं. मी बसले आणि बेतवेच्या घाटाकडे निघाले. शंभर पावलं गेले असेन, तेव्हा हातांना ते कळलं. चाकाच्या दर फेऱ्याला एक ‘कट्’ असा आवाज येत होता आणि त्याच क्षणी हँडलमध्ये बारीक थरथर जाणवत होती. घाटावर उतरून मी पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवलं. सगळं चाक आपल्या आसावर डुगडुगत होतं.

एक दिवसाचा मुक्काम चार दिवसांचा झाला, तो या एका आवाजामुळे.

निदान

बाजाराच्या तोंडाशी एका मिस्त्रींचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पेटी, पाण्याची घमेली, टांगलेल्या ट्यूब आणि बसायला एक पाट. मिस्त्रींनी सायकल उलटी केली, चाकाला गती दिली, लांब पेचकसाचं टोक आसाच्या नटाला लावलं आणि मूठ कानाशी नेली. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तसं. मग पेचकस माझ्या हातात दिला. आतून येणारा आवाज गिरणीत खडे पडल्यासारखा होता.

“दीदी, इसका हब गया,” ते म्हणाले. “पहिया बना-बनाया भी मिलता है. लगा दूँ?”

मी त्यांना म्हटलं, मला हे माझ्या हातानं करायचं आहे, घरी बसून. तुम्ही चुका सांगा. ते क्षणभर थांबले, मग पेटीतून दोन पातळ पाने काढून त्यांनी पाटावर ठेवले. “शाम तक लौटा देना.” ते पाने मी चौथ्या दिवशी परत केले.

सायकलच्या चाकाच्या मधोमध जो पोलादी नळा असतो, त्याला आपण सगळे आता हबच म्हणतो. पण मराठीला ही वस्तू सायकल यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकाचा मधला गोल ठोकळा, ज्यात सगळे आरे बसवलेले असतात, तो तुंबा. तुंब्यातून जातो तो आस. चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी ती धाव. सुतार बाभळीच्या लाकडातून तुंबा घडवायचा, लोहार धाव तापवून चढवायचा, आणि गाडीवान गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगून ठेवायचा, कारण कोरडा तुंबा आसाला खातो हे त्याला माहीत होतं. सायकल घरात आली तेव्हा आपण हा शब्दही विसरलो आणि ते नळकांडंही.

एरचमध्ये बसून चाकाचा विचार करावा याला एक जुना अर्थ आहे. हे गाव फार प्राचीन आहे. पाली ग्रंथांत दशार्ण देशातलं ‘एरकच्छ’ म्हणून त्याचा उल्लेख येतो, इथे जुन्या राजांची नावं कोरलेल्या विटा आणि नाणी सापडली आहेत, आणि अकबराच्या काळात ते आग्रा सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं. हिरण्यकशिपूची राजधानी हीच, प्रल्हाद इथलाच आणि पहिली होळी इथेच पेटली, ही तर गावातल्या प्रत्येकाची श्रद्धा. कालिदासाचा मेघ ज्या दशार्ण देशावरून जातो आणि ज्या वेत्रवतीचं पाणी पितो, तो देश हा आणि ती नदी हीच बेतवा. त्याच काव्यात पुढे माणसाच्या दशेला चाकाच्या नेमीची उपमा दिली आहे, कधी वर, कधी खाली. नेमी म्हणजे चाकाचा घेर. त्या घेराला वर-खाली फिरू देणारी जागा म्हणजे तुंबा. तो स्वतः वरही जात नाही, खालीही जात नाही. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते बहुधा यामुळेच.

पहिला दिवस : उघडणं

दुपारी अंगणात जुनी चादर अंथरली. पुढच्या चाकापासून सुरुवात केली हे माझं भाग्य. शिकणाऱ्यानं पुढचंच चाक निवडावं. मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं, ते काढायला वेगळं हत्यार आणि बराच जोर लागतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना मागे ४० तारा असतात, पुढे ३२. पुढचं चाक दोन्ही बाजूंनी सारखं, म्हणून समजायला सोपं.

चाक काढलं. टायर-ट्यूब उतरवली. आसाच्या एका टोकाला दोन पाने लागतात: एकानं कोन धरायचा, दुसऱ्यानं बाहेरचा नट सोडायचा. कोन म्हणजे आसावर आट्यांनी बसणारी, पुढे निमुळती होणारी पोलादी टोपी. हबच्या दोन्ही तोंडांना आतून एकेक वाटी असते. वाटी आणि कोन यांच्या मधल्या खोबणीत छर्रे बसतात, आणि सगळं चाक, त्यावरची सायकल, तिच्यावरचा माणूस, दळणाचं पोतं, हे सारं त्या छर्ऱ्यांवर फिरतं. पुढच्या चाकात प्रत्येक बाजूला दहा छर्रे, प्रत्येकाचा व्यास ३/१६ इंच, म्हणजे पाच मिलिमीटरलाही थोडा कमी. मागच्या चाकात प्रत्येक बाजूला नऊ, पाव इंचाचे.

कोन काढून आस बाहेर ओढला आणि खाली धरलेल्या ताटलीत जे पडलं ते पाहून आम्ही दोघंही गप्प झालो. ग्रीस नव्हतंच. त्या जागी काळी, सुकलेली, खरखरीत भुकटी होती, तिच्यात गंजाचा तांबूस रंग. नातवानं छर्रे मोजले. वीस हवेत, सतराच निघाले. त्यातले दोन फुटून अर्धे झालेले. बाकीच्यांचे तुकडे कधीच पीठ होऊन गेले होते आणि त्या पिठानंच उरलेल्यांना घासलं होतं. कोनाच्या निमुळत्या भागावर, जिथे आरशासारखी गुळगुळीत पट्टी असायला हवी, तिथे देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. वाटीत बोट फिरवलं तर नख अडकत होतं.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो, आणि शिकणाऱ्यानं तो नीट समजून घ्यावा. छर्रे खराब झाले असतील तर छर्रे बदलावेत, सगळेच्या सगळे. नव्यात जुने मिसळू नयेत, कारण केसभर मोठा छर्रा एकटाच सगळा भार घेतो. कोन खराब असेल तर कोन बदलावा. आस वाकला असेल तर आस बदलावा. या तीनही गोष्टी सुट्या मिळतात आणि त्यासाठी एकही तार सोडावी लागत नाही. पण वाटी खराब झाली तर ती या साध्या हबमध्ये घट्ट ठोकून बसवलेली असते. तिथे हब संपला. आणि हब बदलायचा म्हणजे बत्तीसच्या बत्तीस तारा सोडवून चाक नव्यानं बांधायचं.

असं का झालं, हे जुन्या हबनंच सांगितलं. त्याच्या पाठीवर तेल घालण्याचं बारीक छिद्र होतं. अशा छिद्रावर एक स्प्रिंगची पट्टी असते, ती सरकवून दोन थेंब तेल सोडायचं आणि पट्टी परत फिरवायची. इथे पट्टी गायब होती. आजोबा दर आठवड्याला तेल घालायचे, हे मी आईकडून ऐकलेलं. नंतर कुणी ते छिद्र पाहिलंही नसेल. उघड्या छिद्रातून धूळ गेली, पावसाचं पाणी गेलं. आणि नदी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की माणसं सायकल हातानं ढकलत उथळातून नेत, अम्मा सांगत होत्या. तुंबा पाण्याखाली गेला की ग्रीस धुऊन निघतं आणि आत बारीक वाळू राहते. सत्तर किलोच्या माणसाचा भार हा हब अनेक वर्षं सहज सोसतो. चिमूटभर वाळू मात्र त्याला सोसत नाही. तुंबा ओझ्यानं मरत नाही, तो कोरडा राहिल्यामुळे मरतो.

तारांचं गणित

संध्याकाळी मिस्त्रींकडून नवा हब आणला, लुधियानाचा, कारण आपल्या देशातल्या सायकलीच्या सुट्या भागांचं माहेर तेच. घेताना मिस्त्रींनी जुना आणि नवा हब पाठीला पाठ लावून धरले. तारांची भोकं तितकीच, ती भोकं असलेल्या दोन्ही टोकांच्या चकत्यांचा व्यास तितकाच, दोन चकत्यांमधलं अंतर तितकंच, आसाची जाडी तितकीच. या चार गोष्टी जुळल्या तर तारांची लांबीही तीच राहते आणि डोक्याला ताप होत नाही. नव्या धर्तीच्या सायकलवर पुढच्या फोर्कच्या खाचांमधलं अंतर साधारण १०० मिलिमीटर असतं, जुन्या काळ्या सायकलीत ते कमी असतं. म्हणून ‘हब द्या’ एवढंच सांगून दुकानातून परतू नये, जुना हब सोबत न्यावा. ३२ नव्या तारा आणि निपल, म्हणजे तारेचं टोक घेरात धरून ठेवणारे छोटे नट, घेतले. जुन्या तारा आट्यांपाशी गंजल्या होत्या, आणि तार तुटते ती बहुतेकदा आट्यांपाशी किंवा हबजवळच्या वाकणात. हब, तारा, छर्रे, ग्रीसची डबी मिळून दोन माणसांच्या साध्या जेवणाएवढे पैसे झाले.

रात्री उजेडात बसून नातवाला मी जुन्या चाकाचा फोटो काढायला लावला, अगदी जवळून, प्रत्येक तार दिसेल असा. हा फोटो दुसऱ्या दिवशीचा नकाशा होता.

सायकलचं चाक बैलगाडीच्या चाकासारखं दिसतं, पण त्याचं काम अगदी उलट तत्त्वावर चालतं. गाडीच्या चाकात आरे दाब सोसतात. तुंबा खालच्या जाड आऱ्यावर उभा असतो. सायकलची तार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. तिच्यावर उभं राहायला गेलं तर ती गवतासारखी वाकेल. ती दाबली जात नाही, ती ताणलेली असते. बत्तीस तारा सगळीकडून घेराला आत ओढतात आणि त्या ओढीमुळे घेर कडक होतो. माणूस बसला की जमिनीजवळच्या दोन-चार तारांचा ताण थोडा उतरतो, बाकीच्यांचा जवळपास तसाच राहतो. म्हणजे भार पेलला जातो तो ताण कमी होऊन. ताण आधी पुरेसा दिलेलाच नसेल, तर त्या तारा सैल पडतात, निपल ढिले होतात आणि चाक वाकडं होतं.

ताणलेल्या आऱ्यांच्या चाकाची कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०८ साली मांडली, तीही विमानासाठी, हलकं चाक हवं म्हणून. पण सरळ तुंब्यातून घेराकडे जाणाऱ्या तारा चाक फिरवण्याचा पीळ सोसू शकत नव्हत्या. १८७४ साली कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी तारा तिरक्या, तुंब्याच्या कडेला स्पर्शून जाणाऱ्या, एकमेकींना ओलांडणाऱ्या केल्या. अकरा वर्षांनी त्यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल आली, दोन जवळपास सारख्या चाकांची. एरचच्या अंगणात मी जी गुंफण करायला बसले होते, ती १८७४ पासून फारशी बदललेली नाही. दीडशे वर्षांत इतकं बदललं, पण यापेक्षा साधं आणि मजबूत चाक सामान्य माणसासाठी कुणी केलं नाही.

दुसरा दिवस : बांधणी आणि चूक

जुन्या तारा एकदम सोडायच्या नाहीत. प्रत्येक निपल अर्धा फेरा, मग पुन्हा पहिल्यापासून अर्धा फेरा, असं चाकाभोवती फिरत राहायचं, म्हणजे घेर एका बाजूला खेचला जात नाही. गंजलेल्या निपलांना आदल्या रात्री रॉकेल लावून ठेवलं होतं. सगळ्या तारा निघाल्यावर रिकामा घेर सपाट फरशीवर ठेवला. तो डुगडुगला नाही. घेर चांगला होता. तो डुगडुगला असता, तर नव्या हबला अर्थ नव्हता.

आता नवा हब मांडीवर. त्याच्या दोन चकत्या, प्रत्येकीला सोळा भोकं. दोन्ही बाजूंची भोकं समोरासमोर नसतात. एका चकतीचं भोक दुसरीच्या दोन भोकांच्या मध्ये येतं. आसाला समांतर एक तार आरपार धरून पाहिलं की हे लगेच कळतं. हे ज्याला कळलं त्याला निम्मं काम कळलं.

बत्तीस तारा आठ-आठच्या चार गटांत बसतात. पहिला गट एका चकतीचा. एका आड एक भोकांतून बाहेरून आत आठ तारा घालायच्या, आणि घेरावर व्हॉल्व्हच्या शेजारच्या भोकापासून सुरुवात करून दर चौथ्या भोकात एकेक तार न्यायची. घेराची भोकंही किंचित डावी-उजवीकडे झुकलेली असतात. डाव्या चकतीची तार डाव्या भोकात. दुसरा गट दुसऱ्या चकतीचा, पहिल्या गटाच्या शेजारच्या भोकांत. निपल फक्त दोन-तीन आटे, पडू नये इतपतच. मग हब हातानं पिळल्यासारखा फिरवायचा. उभ्या वाटणाऱ्या तारा एकदम तिरक्या होतात आणि चाकात जीव आल्यासारखं वाटतं. तिसरा आणि चौथा गट उलट दिशेचा, तारा आतून बाहेर घातलेल्या. यातली प्रत्येक तार आपल्याच चकतीच्या तीन तारांना ओलांडते: पहिल्या दोघींच्या बाहेरून आणि तिसरीच्या आतून. विणकामात एक टाका वरून, एक खालून घेतात, तसंच.

दुपारपर्यंत बत्तीस तारा लागल्या. मी चाक उचलून उन्हात धरलं. नातू वाकून पाहत होता. त्यानं घेरावरच्या व्हॉल्व्हच्या भोकावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, “बुआ, पंप कहाँ लगेगा?”

नीट बांधलेल्या चाकात व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींपासून दूर जातात, म्हणजे पंपाला जागा राहते. माझ्या चाकात त्या नेमक्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर एकत्र येत होत्या. पहिल्या गटाची सुरुवात व्हॉल्व्हच्या चुकीच्या बाजूनं झाली होती. एक भोक चुकलं आणि त्याच्यामागून एकतीस तारा चुकीच्या जागी गेल्या होत्या. चाक फिरलं असतं, पण त्यात हवा भरणं नशिबाचा भाग झाला असता.

मी सगळं सोडवलं. अम्मा पडवीतून पाहत होत्या. त्यांनी हरभरे सोलता सोलता एवढंच म्हटलं, “स्वेटर भी तो उधेड़ते हैं, बिन्नू.” दुसऱ्यांदा बांधायला पहिल्याच्या निम्मा वेळही लागला नाही. पहिल्यांदा मी फोटो पाहून तारा घालत होते. दुसऱ्यांदा ही तार इथेच का जाते, हे हाताला कळत होतं.

तिसरा दिवस : आऊट काढणं

आपल्याकडे सायकलवाले याला ‘चाकाचा आऊट काढणं’ म्हणतात. सायकल उलटी करायची, चाक फोर्कमध्ये बसवायचं, फोर्कला खडू टेकवून घेराजवळ धरायचा आणि चाक हळू फिरवायचं. जिथे घेर बाहेर आला असेल तिथे खडू लागतो. त्या ठिकाणची, खडूच्या विरुद्ध बाजूच्या चकतीकडून येणारी तार थोडी आवळायची, खडूच्या बाजूची थोडी सैल करायची. एका वेळी पाव फेरा. याहून जास्त नाही.

इथे प्रत्येक नवशिक्या फसतो ते निपल फिरवण्याच्या दिशेत. टायरच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यास तार आवळते. पण आपण बसतो हबच्या बाजूनं, तिथून पाहताना तीच दिशा उलटी दिसते. मी पहिल्या अर्ध्या तासात चाक जास्तच वाकडं केलं. मग घेरावर खडूनं बाण काढला आणि दर वेळी बाणाकडे पाहून मगच हात लावला.

आधी डावी-उजवी लहर, मग वर-खालचा फुगवटा, मग चाक फोर्कच्या दोन्ही पायांच्या बरोबर मध्ये आहे का. त्यासाठी चाक काढून उलटं बसवायचं. दोन्ही वेळा अंतर सारखं असेल तर चाक मध्यावर आहे. मग तारा बोटानं छेडायच्या. ढिली तार बद्द वाजते. पुढच्या चाकात सगळ्या तारांचा सूर जवळपास एक हवा. तंबोरा लावणाऱ्याच्या कानाला हे काम चटकन जमेल. शेवटी समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या मुठीत धरून चांगल्या आवळायच्या. तारा आपल्या जागी बसताना टिण टिण आवाज करतात. ते ताण रस्त्यावर निघण्याआधी अंगणात निघालेले बरे. त्यानंतर आऊट पुन्हा एकदा पाहायचा.

सगळ्यात शेवटी कोन आवळणं. वाटीत ग्रीसचा थर द्यायचा, त्यात दहा छर्रे एकेक करून बसवायचे, ग्रीस त्यांना धरून ठेवतं. आस घालायचा, कोन हातानं टेकेपर्यंत फिरवायचा. फार आवळला तर छर्रे वाटीत रुततात आणि नवा हब काही महिन्यांत जुना होतो. सैल राहिला तर चाक डुगडुगतं. मधली जागा शोधावी लागते, आणि नट आवळताना कोन हलतो म्हणून ती पुन्हा पुन्हा शोधावी लागते. मी आठ वेळा शोधली. मिस्त्रींनी परीक्षेचं लक्षण आधीच सांगून ठेवलं होतं: चाक जमिनीवरून उचल, सोडून दे. कोन बरोबर असेल तर व्हॉल्व्हचं तेवढंसं वजनसुद्धा चाकाला फिरवतं. व्हॉल्व्ह आपोआप खाली येतो, लंबकासारखा थोडा झुलतो आणि थांबतो.

तो खाली आला, झुलला आणि थांबला. नातवानं बाजारातून आणलेला रंगीत गोंडा तुंब्याभोवती अडकवला. चाक फिरतं तसा हा गोंडा तुंब्यावर घासत राहतो आणि त्याची पाठ पुसत राहतो. मी त्याला आजवर नुसती शोभा समजत होते.

हात आणि यंत्र

हा अनुभव लिहावासा वाटला तो एका आठवणीमुळे. मराठी मुलखातल्या एका मोठ्या उद्योगाची सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत सायकली घेऊन बेळगावला आपल्या थोरल्या भावाकडे, रामूअण्णांकडे पाठवत. रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायला शिकवत. किर्लोस्कर उद्योग आपलं मूळ वर्ष १८८८ धरतो ते या दुकानावरून. पुढे कडबा कापण्याची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. माझा समज असा आहे की हे केवळ व्यापाराचं यश नव्हतं. सायकल उघडून पाहणाऱ्या हातांना यंत्राची भीती राहत नाही. नांगराकडे जाणारी वाट त्याच हातांतून गेली.

आज आपल्या घरातली बहुतेक यंत्रं बंद डब्यांसारखी आहेत. फोन उघडता येत नाही, धुण्याचं यंत्र उघडलं तर आतलं काही कळत नाही, नव्या गाडीचं झाकण उचलून माणूस नुसता पाहत उभा राहतो. सायकल मात्र अजून आपल्यासाठी उघडी आहे. दोन पातळ पाने, एक निपलचावी, थोडं ग्रीस आणि दोन-तीन दुपारी एवढ्यावर तिचा गाभाच्या गाभा बदलता येतो. चूक झाली तर उसवून पुन्हा विणता येते. चुकणाऱ्याला एवढी संधी देणारी यंत्रं आता थोडी उरली आहेत.

वेळ नसेल त्यानं बांधलेलं चाक आणून बसवावं, मिस्त्रीकडून काम करून घ्यावं, यात काहीच उणं नाही. त्यांचा हात आपल्यापेक्षा शंभरपट तयार असतो आणि त्या हाताला योग्य मोल मिळायला हवं. पण प्रत्येक घरात एका माणसानं तरी आयुष्यात एकदा पूर्ण चाक बांधावं. त्यानंतर दुसऱ्याच्या कामाची किंमत खरी कळते.

आणखी एक मागणं आहे. बिहारनं २००६ साली शाळकरी मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि देशानं त्याकडे पाहिलं. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. ही फार चांगली गोष्ट आहे. त्या सायकलींपैकी किती सायकली दोन पावसाळ्यांनंतर घराच्या मागे भिंतीला टेकतात, आणि त्यांच्यात बिघडलेलं असतं ते बहुतेकदा केवढं लहान असतं, हे गावातला कुठलाही सायकलवाला सांगेल. सायकल देताना तिच्यासोबत दोन पाने आणि ग्रीसची एक डबी द्या. गावातल्याच मिस्त्रीला मानधन देऊन शाळेत एक दिवस बोलवा. मुलींना तुंबा उघडायला आणि भरायला शिकवा. सायकल त्यांना शाळेपर्यंत नेईल. ती दुरुस्त करता येणं त्याच्याही पुढे नेईल.

एरचहून निघायच्या दिवशी नातू मला नदीपर्यंत सोडायला आला, सायकल हातात धरून. परतताना तो स्वार झाला. मी कान देऊन ऐकत होते. साखळीचा आवाज आला, मडगार्डचा आला. पुढच्या चाकाचा आला नाही.

दसऱ्याला आपण सायकल धुतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. पुढच्या दसऱ्याला हार घालण्याआधी पुढचं चाक काढा. तुंबा उघडा, जुनं ग्रीस पुसा आणि छर्रे मोजा. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. वीस भरले की नवं ग्रीस घालून मिटा, आणि मग हार घाला.